फिटची गोळी, ताप आणि पुरळ : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

पावसाळा लागला की सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, फिटच्या गोळीनं पोराची ताकद गेलीय, सारखा आजारी पडतोय, आठ दिवस बंद ठेवू का?" त्याच्या मागेच उभ्या असलेल्या माणसाला कॅलामाइन लोशन हवं असतं. मुलीला टेग्रेटॉल ही फिटची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झालेत, अंगभर लाल पुरळ आहे, ताप आहे, आणि घरच्यांच्या मते त्या घामोळ्या आहेत. पहिल्याला गोळी बंद करायची घाई आणि दुसऱ्याला काळजीच नाही. नेमकं उलटं व्हायला हवं.

फिटच्या बहुतेक गोळ्यांनी प्रतिकारशक्ती सरसकट खचत नाही. जे होतं ते तीन वेगळ्या प्रकारांनी होतं. एक, शरीराची संरक्षक यंत्रणा गोळीलाच शत्रू समजून चवताळते. ही रिअॅक्शन, आणि ती जिवावर बेतू शकते. दोन, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होतात. हे रिपोर्टमध्ये दिसतं. तीन, काही जणांत अँटिबॉडीज कमी होतात. हे सावकाश आणि क्वचित. आपलं दुखणं यातलं कोणतं, की यातलं कोणतंच नाही, हे ठरवायला पहिला प्रश्न एकच : गोळी सुरू होऊन किती दिवस झाले? खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

## टप्पा १ : स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा

मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं. आपल्याला खालचं हवं.

कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल, मॅझेटॉल), फेनिटॉइन (एप्टॉइन), फेनोबार्बिटोन (गार्डिनाल) आणि ऑक्सकार्बाझेपिन (ऑक्सेटॉल) ही एका कुळातली औषधं. अंगावर उठणाऱ्या गंभीर रिअॅक्शन यांच्यात जास्त. लॅमोट्रिजिन (लॅमिटॉर) पुरळाच्या बाबतीत यांच्याच पंगतीला बसतं.

व्हॅल्प्रोएटने (वाल्पारिन, एन्कोरेट) पुरळ कमी उठतं, पण प्लेटलेट आणि लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागतं. लेव्हेटिरासिटॅम (लेव्हिपिल) त्या मानाने सौम्य. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर आणि क्लोबाझामवर (फ्रिझियम) 'ड्रेस' नावाच्या रिअॅक्शनची (ताप, पुरळ आणि सोबत आतल्या अवयवांना इजा) सूचना छापायला लावली. म्हणजे 'ही गोळी सेफ आहे' म्हणून डोळे मिटून बसायची सोय कुठल्याच गोळीत नाही.

ज्या उपचारांनी प्रतिकारशक्ती खरोखर दबते ते वेगळे : लहान बाळांच्या झटक्यांसाठी देतात ती एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, स्टेरॉइडचे कोर्स, आणि काही खास आजारांत एव्हरोलिमस. यांपैकी काही चालू असेल तर लस आणि ताप दोन्हींचे नियम बदलतात. ते पुढे येतील.

तपासा : घरात दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवा. वेगळ्या नावाखाली तेच औषध दोनदा चाललेलं असू शकतं.

## टप्पा २ : पहिली गोळी घेण्याआधीची तयारी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढचा बराच घोळ इथूनच सुरू होतो.

रक्ताचा कोरा रिपोर्ट. गोळी सुरू होण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी (डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार टक्केवारी, आणि प्लेटलेटसह) आणि लिव्हरची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक जण हो म्हणतील. पुढे ताप आल्यावर प्लेटलेट १,२०,००० आल्या, तर आधी त्या २,८०,००० होत्या की १,३०,००० यावर सगळं अवलंबून असतं.

जुनं पुरळ. पूर्वी कुठल्याही गोळीने, अगदी सल्फाच्या गोळीनेसुद्धा, अंगावर काही उठलं होतं का? घरात सख्ख्या माणसाला फिटच्या गोळीने त्रास झाला होता का? डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. ओपीडीतल्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो.

कार्बामाझेपिन असेल तर जनुकीय तपासणी. एचएलए-बी*१५०२ ही खूण रक्तात असलेल्यांना या गोळीने त्वचा सोलवटून टाकणारी रिअॅक्शन (स्टीव्हन्स-जॉन्सन) होण्याचा धोका बराच जास्त असतो. अमेरिकेच्या नियामकाने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी ही तपासणी सुचवली. ती करायची की सरळ दुसरी गोळी निवडायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुरळाकडे लक्ष ठेवणं सुटत नाही.

तारीख. गोळी कधी सुरू झाली आणि डोस कधी वाढला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा आणि सुरुवातीपासून आठ आठवड्यांवर गोल करा.

करमाळा, सांगोला, अक्कलकोटहून पेशंट सोलापूरला येऊन गोळी सुरू करून जातो, पण ताप येतो तो गावात, आणि बघतात ते गावातले डॉक्टर. त्यांच्याकडे तुमची फाइल नसते. रिपोर्ट आणि स्ट्रिप यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि ते घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या. ज्याला फिट येते त्याच्याच फोनमध्ये, तोही लॉक केलेला, तर फोटोचा उपयोग काय?

## टप्पा ३ : पहिले आठ आठवडे, रोज अंग बघा

गंभीर रिअॅक्शन बहुतेक करून याच काळात होतात. ड्रेस साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. ती दुर्मिळ आहे. वर सांगितलेल्या कुळातल्या औषधांवर साधारण १,००० ते १०,००० रुग्णांत एखाद्याला होते. पण झाली तर लिव्हर, किडनी, फुप्फुस असं काहीही तिच्या तडाख्यात सापडू शकतं.

मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना गोळी सुरू झाली तर पुरळ आणि घामोळ्या यांत गल्लत होणारच. म्हणून फरक नीट बघा. घामोळ्या मानेवर, पाठीवर, काखेत, कपडा घासतो तिथे येतात, टोचतात, खाजतात, पंख्याखाली गार जागी बसलं की निवतात, आणि त्यांच्यामुळे ताप येत नाही. गोळीचं पुरळ बहुतेक छातीवर किंवा चेहऱ्यावर सुरू होऊन दोन्ही बाजूंना सारखं पसरत जातं, आणि गार जागी बसूनही ओसरत नाही.

मग मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघा. ओठाची आतली बाजू, गालाची आतली बाजू, जीभ. तिथे पांढुरके चट्टे किंवा सोलल्यासारखं काही दिसलं, तर घामोळ्यांचा विषय संपला. डोळे लाल होऊन चिकटताहेत का, लघवीच्या जागी आग होतेय का, हेही विचारा. लाजेपोटी मुली हे सांगत नाहीत, आईने किंवा मावशीने विचारावं. शेवटी पुरळावर हलका हात फिरवा. खाजण्यापेक्षा दुखत असेल तर ते वाईट लक्षण.

लगेच कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट पाहायची नाही :
- पुरळासोबत ताप
- चेहरा किंवा डोळ्यांभोवती सूज, मानेत गाठी
- तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड किंवा जखमा
- त्वचेवर फोड येणं, कातडी सुटणं
- डोळे पिवळे, लघवी गडद

जाताना स्ट्रिप सोबत न्या. पुढच्या डोसची वेळ होण्याआधी डॉक्टरांशी बोलणं झालेलं असलं पाहिजे. अशा वेळी गोळी बहुतेक थांबवतातच, पण बदली काय द्यायचं हेही त्याच बैठकीत ठरतं. नुसती बंद करून घरी बसलात, तर पुरळ जाईल आणि एकामागून एक फिट सुरू होतील.

ताप नाही, जखमा नाहीत, थोडंसंच पुरळ आहे, तरी त्याच दिवशी फोन करा.

अंगावर उठलं आणि ताप आला की 'गोवर निघालाय' म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवून सात दिवस थांबायची रीत अजून आहे. पाल्याने अपाय काही नाही, अपाय त्या सात दिवसांनी होतो.

लॅमोट्रिजिनवाल्यांसाठी वेगळी सूचना. ही गोळी मुंगीच्या पावलाने वाढवतात : मोठ्या माणसाला सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर तेही एक दिवसाआड, आणि वाढ दोन-दोन आठवड्यांनी. कारण वेगाने वाढवली की पुरळाचा धोका वाढतो. 'फरक पडेना' म्हणून आपल्या मनाने दोनाच्या चार करू नका. दुसरी चूक आपल्या जिल्ह्यात नेहमीची : वारीला गेले, पिशवी कुठेतरी राहिली, आठवडाभर गोळी नाही, आणि पंढरपूरहून आल्या आल्या जुना पूर्ण डोस. पाच दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर पूर्ण डोस परस्पर सुरू करायचा नाही. डॉक्टर पुन्हा खालपासून चढवतात. मधल्या काळात फिटपासून संरक्षण काय, हेही त्यांनाच विचारा. आणि गोळी उपवासाला चालते, एकादशीला चुकवायचं काही कारण नाही.

## टप्पा ४ : ताप आला, आता हा क्रम धरा

१. कॅलेंडर बघा. आठ आठवड्यांच्या आत असाल तर वरची पूर्ण तपासणी करा. वर्षानुवर्षं तीच गोळी असेल तर ताप बहुधा साधा, चारचौघांना येतो तसाच.

२. गोळी चालू ठेवा. पुरळ नाही, धोक्याची खूण नाही, तर तापात गोळी बंद करायची नाही. तापाने स्वतःच फिटचा धोका वाढतो, त्यात गोळी चुकली तर दोन्हीकडून मार. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटीत पडली, तर पुन्हा द्यायची का हे फोनवर विचारा. उलट्या थांबतच नसतील तर दवाखान्यात इंजेक्शनवाटे औषध देता येतं.

३. पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. घरात पडलेलं मेफेनॅमिक अॅसिडचं (मेफ्टाल) सिरप देऊ नका. जास्त डोस गेला तर त्याने झटके येऊ शकतात, आणि इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस त्याच्यावरही ड्रेसचाच इशारा दिला आहे. गोळी आणि सिरप दोन्ही चालू असताना पुरळ उठलं, तर दोषी कोण हे शोधणं अवघड होतं. अॅस्पिरिनही नको, विशेषतः व्हॅल्प्रोएटवर.

४. घाम येतोय का? टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांनी काही जणांत, मुलांत जास्त, घाम कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पोरगं दुपारी खेळून आलं, अंग भट्टीसारखं तापलंय पण कोरडं आहे, तर तो संसर्गाचा ताप नसू शकतो. सावली, ओलं फडकं, पाणी, आणि डॉक्टर. नुसत्या पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

५. घसा आणि तोंड. घसा खूप दुखतोय, तोंड आलंय, हिरड्यांतून रक्त, अंगावर न लागता काळेनिळे डाग : यातलं काही असेल तर त्याच दिवशी सीबीसी.

आणि डेंग्यू. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घराघरांत बॅरल आणि हौद भरलेले, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, व्हॅल्प्रोएटनेही उतरतात, डोस जास्त असेल तर अधिक. रिपोर्ट हातात आला की घरचे घाबरतात आणि पहिला घाव गोळीवर घालतात. इथे टप्पा २ मधला कोरा रिपोर्ट दाखवा. 'पेशंट व्हॅल्प्रोएटवर आहे' हे अॅडमिट करताना तोंडाने सांगा, आणि डोस कमी करायचा का हे बघणाऱ्या डॉक्टरांवर सोडा.

## टप्पा ५ : सीबीसीचा कागद वाचायला शिका

रिपोर्टवर लाल किंवा ठळक अक्षरात आकडा दिसला की पोटात गोळा येतो. पण कार्बामाझेपिनवर सुमारे १० टक्के लोकांच्या पांढऱ्या पेशी थोड्या घटतात, बहुतेकांच्या सुरुवातीच्या महिन्यांत, आणि पुढे आपोआप सावरतात. सुमारे २ टक्क्यांत त्या कमीच राहतात. रक्तपेशी तयार करणारी हाडांतली मज्जा साफ बसणं हे फारच क्वचित.

एकूण आकड्यापेक्षा न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) महत्त्वाचे, कारण जंतूंशी पहिली झुंज त्यांची. हिशेब सोपा आहे : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००.

समजा एकूण ३,४०० आणि न्यूट्रोफिल ५२ टक्के. ३,४०० × ५२ ÷ १०० = १,७६८. एकूण आकडा ४,००० च्या खाली म्हणून ठळक छापलाय, पण न्यूट्रोफिल १,५०० च्या वर आहेत. डॉक्टरांना दाखवा, रात्रभर जागू नका.

आता एकूण २,६०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के. उत्तर ७८०. हा कागद घेऊन आजच जायचं. आकडा ५०० च्या खाली आणि ताप असेल तर सरळ भरती, दुसरा विचार नको.

चूक : दर वेळी वेगळ्या लॅबमध्ये जाणं. जमेल तोवर एकच लॅब धरा, आणि मागचा कागद पुढच्याला टाचून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त सांगतं.

किती दिवसांनी तपासायचं हे औषधावर आणि वयावर ठरतं. सगळं ठीक असताना दर महिन्याला सीबीसी करून पैसे घालवायची बहुतेकांना गरज नसते.

## टप्पा ६ : वरून दुसरं औषध लागलं तर

दवाखान्यात शिरल्यावर 'मला फिटची गोळी चालू आहे' हे वाक्य ताप किती दिवसांचा याच्याही आधी सांगा. फिट येते हे लपवायची सवय, विशेषतः लग्नाच्या मुलीच्या बाबतीत, इथे महागात पडते.

- क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन : कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी वाढवतात. दोन-तीन दिवसांत चक्कर, दोन-दोन दिसणं, झोकांड्या.
- सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन : फिट येण्याची शक्यता वाढते. जुलाबाला आपल्या मनाने घेतली जाणारी हीच गोळी.
- मेरोपेनेम आणि त्या जातीची इंजेक्शनं : व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत धाडकन खाली आणतात. मोठ्या संसर्गात आयसीयूत ही लागतात, म्हणून नातेवाइकांनी तिथे स्वतःहून सांगावं.
- टीबीचा कोर्स : आयसोनियाझिडने फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन रक्तात साचतं, रिफाम्पिसिनने बरीच औषधं लवकर निघून जातात. टीबीचं औषध सुरू होतानाही सांगायचं आणि संपतानाही, कारण संपल्यावर पातळी पुन्हा हलते.
- स्टेरॉइड : फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोनमुळे प्रेडनिसोलोनसारख्या औषधांचा जोर कमी पडतो.

'इम्युनिटी वाढवायचे' काढे आणि पावडरी हा वेगळाच विषय. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेतल्यावर काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आपल्याच देशात झाल्या. ज्याची गोळीच लिव्हरवर भार टाकते, त्याने हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात बिनानावाच्या पुडीत मिळणाऱ्या 'फिटच्या जडीबुटी'तर नकोतच. अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलेलं आहे. मग पुरळ उठलं तरी कशाने ते कळत नाही.

## टप्पा ७ : लसी

फिटच्या नेहमीच्या गोळ्यांमुळे लस टाळावी लागत नाही. लसीनंतर ताप येऊ शकतो आणि तापाने झटका, म्हणून मुलाला लसीच्या दिवशी गोळी वेळेवर द्या आणि पॅरासिटामॉलबद्दल आधी विचारून ठेवा. अपवाद टप्पा १ मधला : एसीटीएच, जास्त डोसचे स्टेरॉइड किंवा एव्हरोलिमस चालू असेल तर गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी पुढे ढकलतात. अंगणवाडीताईंना ते कार्ड पाहून कळणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.

## टप्पा ८ : खरंच सारखं आजारपण येत असेल

वर्षात चार सर्दी-खोकले हे काही विशेष नाही, शाळेत जाणाऱ्या पोराला तर मुळीच नाही. पण कान वाहणं, सायनस, न्यूमोनिया यांच्यावर पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक लागत असेल, आणि हे गोळी सुरू झाल्यानंतरचं असेल, तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनच्या (म्हणजे अँटिबॉडीजच्या) तपासणीबद्दल विचारा. फेनिटॉइनने काहींचं आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) कमी होतं. इतर काही गोळ्यांनीही अँटिबॉडीज घटल्याची उदाहरणं आहेत. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही, आणि गोळी बदलल्यावर पातळी बऱ्याचदा सावरते.

फेनिटॉइनवर आणखी दोन गोष्टी बघायच्या. हिरड्या वाढून दातांवर चढतात, त्यात अन्न अडकतं आणि तोंडातला संसर्ग हटत नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य. दुसरं, मानेत किंवा काखेत गाठ लागली तर ती गोळीचीही असू शकते, पण हे घरी ठरवायचं नाही. आपल्याकडे गाठ म्हटली की टीबी किंवा कॅन्सर या दोनच गोष्टी डोक्यात येतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना फेनिटॉइन चालू असल्याचं सांगितलं, तर ते तिसरी शक्यताही बघतील.

## टप्पा ९ : एकदा रिअॅक्शन झाली असेल तर

डिस्चार्ज कार्डावर 'औषधाची अॅलर्जी' एवढंच लिहून आलं असेल तर परत जा आणि औषधाचं नाव लिहून घ्या. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर मोठ्या अक्षरात औषध, तारीख आणि काय झालं ते लिहा आणि पाकिटात ठेवा. कार्बामाझेपिनने त्रास झाला असेल तर फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांचीही नावं त्याच कार्डावर यायला हवीत, कारण एकाला चवताळलेलं शरीर त्याच कुळातल्या दुसऱ्यालाही चवताळण्याची शक्यता मोठी असते. फिट सुरू असताना कॅज्युअल्टीत फेनिटॉइनचं इंजेक्शन नेहमीचं. तेव्हा पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसतो, बोलायचं ते कार्डानेच.

सख्ख्या भावंडांनाही हे सांगून ठेवा. टेग्रेटॉल फक्त फिटसाठी देत नाहीत, चेहऱ्याच्या शिरेच्या असह्य दुखण्यासाठीही देतात. उद्या थोरल्या भावाला तेच लिहून मिळालं, तर डॉक्टरांना बहिणीचं पुरळ आधी सांगितलेलं असावं.